वॉटर्लू : अकरावी, कला शाखा

निवृत्त झाल्यापासून बाजारात जुना विद्यार्थी भेटला की हमखास विचारतो, "मॅडम, सगळ्या सनावळ्या अजून पाठ हायेत का?" नाहीत. खरं सांगायचं तर नोकरीत असतानाही नव्हत्या. तासाच्या आधी स्टाफरूममध्ये बसून मी तळहातावर बॉलपेनने सन लिहून घेत असे आणि खडू धरलेला हात मुलांना दिसणार नाही असा वळवून उभी राहत असे. आता नोकरी संपली, पेन्शन सुरू झाली, म्हणून हे छापायला हरकत नाही.

मी बल्लारपूरची. वडील कागद कारखान्यात पाळीवर जायचे. एम.ए. झाल्यावर नोकरी लागली ती गडचिरोलीतल्या मुलचेऱ्याच्या बाजूच्या एका गावात. शाळेला जोडून अकरावी-बारावी, एकच कला शाखा. वर्गात निम्मी मुलं आजूबाजूच्या पाड्यांवरची गोंड, निम्मी निर्वासितांच्या बंगाली वसाहतींतली आणि दोन-चार गावातलीच. दोन वर्षांत बदली करून घ्यायची, असं ठरवून गेले आणि तिथेच म्हातारी झाले.

ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांना सांगते, लढाई शिकवणं फार सोपं असतं. पाच कारणं आणि पाच परिणाम. लढाई असते ती या दोन याद्यांच्या मधल्या फटीत, एका ओळीची. वॉटर्लूची ओळ अशी होती की १८१५ साली या लढाईत फ्रेंच बादशहाचा निर्णायक पराभव झाला आणि युरोपचा नकाशा बदलला. मी त्यात थोडी कलाकुसर करत असे. फळ्यावर निळ्या खडूने फ्रेंचांचे बाण, लालने इंग्रजांचे, पिवळ्याने प्रशियाचे. संध्याकाळ होता होता पिवळा बाण उजवीकडून येऊन निळ्याला भिडायचा. तपासणीला आलेले एक साहेब तो फळा बघून म्हणाले होते, "वा, रणांगण उभं केलंत बाई!" त्या एका वाक्यावर मी पंधरा वर्षं तोच फळा काढला.

त्या फळ्यासमोर एक दिवस कविता मडावी उभी राहिली. दुसऱ्या बाकावरची, कमी बोलणारी मुलगी. म्हणाली, "मॅडम, जे जखमी झाले त्यायले कोणी उचललं?"

मी म्हटलं, "म्हणजे?"

"म्हणजे लढाई झाली. मंग जखमी लोकं कुठी गेले? माह्या दादानं त्याच्या दोस्ताले कांबळ्याच्या झोळीत घालून जंगलातून आणलं होतं. दोन दिवस लागले. इथी तर इतके लोक होते. त्यायले कोणी आणलं?"

तिचा भाऊ दिनेश पोलिसांत होता. जंगलात गस्तीला जाणाऱ्या तुकडीत. वर्ग माझ्याकडे बघत होता. मी तीन रंगांच्या बाणांकडे बघितलं आणि म्हटलं, "ते परीक्षेला येत नाही."

कविता खाली बसली. मी पाच परिणाम लिहून दिले.

पण ते लागलं मला. परीक्षेला येत नाही हे वाक्य मी किती मुलांना ऐकवलं असेल याचा हिशेब नाही. आणि त्यातल्या निम्म्या वेळा त्याचा अर्थ "मला माहीत नाही" एवढाच असायचा.

दिवाळीच्या सुट्टीत मी चंद्रपूरला गेले. तिथल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात माझी एम.ए.ची मैत्रीण होती. तिने कपाटाच्या तळातून वॉटर्लूच्या साध्या शिपायांची पत्रं आणि आठवणी असलेलं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक काढून दिलं. माझं इंग्रजी बेताचं. शेजारी डिक्शनरी ठेवून रोज चार-पाच पानं वाचायची आणि दोनशेपानी वहीत मराठीत उतरवायची, असं मी सुट्टीभर केलं. फराळाचं त्या वर्षी काहीही केलं नाही. नवऱ्याने दोनदा विचारलं आणि मग स्वतःच जाऊन शेव आणली.

त्या पुस्तकात बाण नव्हते. आदल्या रात्रभर पाऊस पडला होता आणि दोन्हीकडची माणसं चिखलात पडून होती. सकाळी अंगातून वाफा निघत होत्या, बंदुका गंजल्या होत्या, पोटात काही नव्हतं. त्या बंदुकीची दारू आणि गोळी कागदाच्या पुडीत असायची. ती पुडी दातांनी फाडायची. दारूची खारट भुकटी तोंडात जायची आणि चार-सहा गोळ्या झाडल्या की घसा असा सुकायचा की जवळजवळ प्रत्येकाच्या आठवणीत पाणी येतं. जिंकल्याचं येत नाही. पाणी येतं. आणि धूर. आपण जिंकतोय का हरतोय हे बहुतेकांना कळलंच नव्हतं. शेजारचा उभा आहे का आणि पुढचा पडला तर त्याच्या जागी सरकायचं, एवढंच कळत होतं. घोडेस्वार आले की चौकोन करून, संगिनी बाहेर काढून, जागचं हलायचं नाही.

कविताच्या प्रश्नाचं उत्तरही होतं. पुष्कळांना कोणीही उचललं नाही. दोन-दोन, तीन-तीन दिवस ते शेतात पडून होते. बाया नवऱ्यांना शोधत प्रेतांतून फिरत होत्या. लुटारूंनी आधी कपडे नेले, बूट नेले, मग मेलेल्यांचे दातसुद्धा उपटून नेले, श्रीमंतांच्या कवळ्या करायला.

शाळा उघडल्यावर मी अभ्यासक्रम बाजूला ठेवून वॉटर्लू पुन्हा घेतलं. फळ्यावर एकही बाण काढला नाही. बादशहाचं आणि सेनापतींचं नावही लिहिलं नाही. म्हटलं, आज फक्त शिपाई. वही उघडून वाचायला लागले.

तसा तास मी आधी कधी घेतला नव्हता. चिखलाचं वाचताना मी म्हटलं, लढाई सकाळी उशिरा सुरू झाली, जमीन वाळायची वाट बघत होते म्हणतात. का बरं? पुढच्या बाकावर शेफाली होती, बंगाली वसाहतीतली, घरची धानशेती. ती हात वर न करताच म्हणाली, "मॅडम, चिखलात तोफेचा गोळा फसणार ना! कडक जमिनीवर तो टप्पे घेत जाईल, खूप लोकांना मारेल. धानाच्या बांधीत दगड फेकून बघा, तिथेच रुतते."

मोठमोठ्या पुस्तकांत जे कारण दिलं आहे, ते या पोरीने रोवणीच्या अनुभवातून एका दमात सांगितलं. मी तिच्यासाठी टाळ्या वाजवायला लावल्या. घंटा झाली तरी कोणी उठेना. बाईला आणखी काय हवं असतं? मी फुशारले. आणि फुशारले म्हणूनच पुढची चूक झाली.

दुसऱ्या दिवशी मी एक भाग मुद्दाम राखून ठेवला होता. परिणाम साधेल असा. वर्ग शांत झाल्यावर मी आवाज खाली आणला आणि सांगितलं की बेल्जियमच्या, हॉलंडच्या कितीतरी शिपायांनी वर्ष-दीड वर्षापूर्वी याच फ्रेंच बादशहाच्या फौजेत नोकरी केली होती. आता ते समोरच्या बाजूला होते. काल ज्यांच्याबरोबर एका भांड्यात जेवले, एका पांघरुणात झोपले, त्यांच्यावर आज बंदूक रोखायची होती. मी थांबले आणि म्हटलं, "विचार करा, धुरातून समोर ओळखीचा चेहरा आला तर?"

कविता उठली, दप्तर घेतलं आणि वर्गाबाहेर गेली. न विचारता. मी हाक मारली तरी थांबली नाही.

चार दिवस ती आली नाही. पाचव्या दिवशी शेफालीने मला व्हरांड्यात गाठलं. "मॅडम, तुम्हाला माहीत नाही?" गावात सगळ्यांना माहीत होतं. मला नव्हतं, कारण मी शाळेच्या क्वार्टरमध्ये राहणारी, बाहेरची. कविताच्या काकाची मुलगी सरिता. आईबाप लवकर गेले, म्हणून ती कविताच्याच घरात वाढली. दिनेशपेक्षा वर्षभराने लहान. दोघं एकाच वर्गात, एकाच सायकलवर शाळेत जायचे. सहा वर्षांपूर्वी सरिता आत गेली, म्हणजे जंगलातल्या नक्षल दलममध्ये, बंदूकवाल्यांत. त्याच्या पुढच्या वर्षी दिनेश पोलिसांत भरती झाला.

मी विचारलेला प्रश्न त्या घरात रोज, न बोलता, जेवायला बसत होता. आणि मी तो आवाज खाली आणून विचारला होता.

रविवारी मी त्यांच्या पाड्यावर गेले. अंगणात कविताची आई तुरीची डाळ निवडत होती, असं मी पहिल्या मसुद्यात लिहिलं होतं. पण खरं आठवतं ते एवढंच, की तिच्या मांडीत सूप होतं आणि मला बघून ते तिने बाजूला ठेवलं. "जोहार बाई, बसा न," ती म्हणाली. आतून एक उंच, बारीक केस कापलेला तरुण बाहेर आला. दिनेश. सुट्टीवर होता.

मी उभ्या उभ्याच म्हटलं, "मी माफी मागायला आले आहे. मला माहीत नव्हतं. पण माहीत नसतानाही असं विचारायला नको होतं."

दिनेशने खाट झटकून पुढे ओढली. "बसा मॅडम. कवितानं सांगितलं मले." मग म्हणाला, "एक विचारू? त्या लोकायनं मंग गोळी मारली का? आपल्याच मानसाले?"

मला खोटं सांगता आलं असतं. मी म्हटलं, "काहींनी मारली असेल. बहुतेकांना धुरात दिसलंच नाही. आणि ज्यांना दिसलं, त्यांनी पत्रात लिहिलं नसेल. मला माहीत नाही, दिनेश."

"त्यायले भेव वाटत होतं, असं लिवलं का कोणी?"

"पुष्कळांनी. रडू येत होतं, तेही लिहिलंय."

"असं लिवून देते शिपाई?" तो आईकडे बघत म्हणाला. "आमच्यात तर कोणी बोलत नाई जी. मी बी नाई बोललो कोणाले. गस्तीले गेलो का मले गोळीचं भेव वाटत नाई तितकं. मले वाटते, झाडाच्या मांगून ती निंगाली तं?"

त्याची आई एकदम म्हणाली, "तू मले काऊन नाई सांगितलं रे?"

"तुले सांगून का होते, माय?"

"मी बी रोज तेच इचार करून राह्यली. दोघं बी माहेच."

कविता दारात उभी होती. तीही रडायला लागली आणि मग तिघंही एकमेकांना धरून रडले. मी खाटेवर बसून राहिले. काय करावं ते कळेना, पण काही वाईट घडतंय असं वाटत नव्हतं. निघताना दिनेशने वही मागितली. "परत देईन जी." मी दिली. कविता सोमवारी शाळेत आली आणि दुसऱ्या बाकावर बसली.

पुढच्या वर्षी, ती बारावीत असताना, ऑगस्टमध्ये आठवडाभर झड लागली होती. नाले भरले, एसटी बंद. मंगळवारी गावात बातमी आली, पहाडाकडे चकमक झाली. दोघे मेले, एक पोलीस जखमी. कोण ते कोणालाच माहीत नव्हतं. दिनेशची तुकडी त्याच बाजूला गेली होती आणि फोन लागत नव्हता.

बुधवारी कविता शाळेत आली. मी म्हटलं, "घरी थांबायचं होतंस." ती म्हणाली, "घरी माय काईच बोलत नाई, नुसती भिताडाकडे पायते. इथी तुमी बोलता तरी. शिकवा मॅडम, काई बी शिकवा." मी सहकारी चळवळीचा धडा घेतला. आयुष्यात इतक्या मन लावून मी तो धडा कधी शिकवला नसेल. गुरुवारीही आली. मधल्या सुट्टीत माझ्याजवळ बसून तिने डबा उघडला आणि तसाच बंद केला.

"मॅडम, त्या वॉटर्लूच्या शिपायांच्या घरी कोण सांगत होतं?"

"मोठ्या अधिकाऱ्यांची नावं पेपरात यायची. साध्या शिपायांची नाही. कोणी लिहिता येणारा मित्र असला तर तो पत्र लिहायचा."

"आणि नसला तं?"

"मग घरचे वाट बघायचे."

"आमच्यासारखे," ती म्हणाली.

शुक्रवारी दुसऱ्या तासाला कविताची आई शाळेच्या फाटकातून आत येताना दिसली. छत्री नाही, लुगडं गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेलं. नाला ओलांडून पायी आली होती. कविता बाक धरून उभी राहिली. मी खडू खाली ठेवला. सगळा वर्ग त्या बाईच्या तोंडाकडे बघत होता आणि तिला दम लागल्यामुळे बोलता येईना. दाराची चौकट धरून ती मोठ्याने श्वास घेत राहिली आणि मग म्हणाली,

"आला. ठाण्यावर आला. फोन आल्ता पाटलाच्या घरी. चांगला हाये."

शेफाली आधी ओरडली, मग सगळा वर्ग. मुख्याध्यापक धावत आले, त्यांना वाटलं साप निघाला. कविता आईच्या ओल्या खांद्यावर डोकं ठेवून नुसती उभी होती. मी जवळ गेले तेव्हा आईने माझा हात धरला आणि हळू, फक्त मला ऐकू येईल असं सांगितलं, "मेले ते दोघं बी गडीमानसं हायेत बाई. पोरगी नाई."

माझ्या तोंडून "बरं झालं" निघून गेलं. लगेच कसंतरी झालं. त्या दोघांच्याही कोणी आया असतील. पण खोटं कशाला सांगू, मला बरंच वाटलं होतं. स्टाफरूममध्ये जाऊन मी खुर्चीत बसले तेव्हा कळलं की तीन दिवस माझे खांदे कानाला लागलेले होते.

दिनेश महिन्याभराने वही परत द्यायला आला. वही पावसात भिजून फुगली होती, शाई पसरली होती. तो म्हणाला, "मॅडम, तुमी लोकायचे पत्रं वाचता. माह्यं एक लिवून द्या. सरिताले."

मी म्हटलं, "तूच लिही. मी लिहिलं तर ते निबंधासारखं होईल." त्याने माझ्या टेबलाशी बसून अर्धा तास घालवला. चार ओळी लिहिल्या. गाय व्यायली, कालवड झाली. माय तुझी आठवण काढते. कविता बारावीत आहे. मी तुझ्यावर रागावलो नाही, तू ये. त्याने ठाण्यातल्या साहेबांना आधीच विचारलं होतं. ते म्हणाले होते, बघ प्रयत्न करून. आईने ते पत्र आठवडी बाजारात कुठल्याशा पाड्यावरच्या बाईकडे दिलं. ती बाई कोण, पत्र पुढे कोणाकडे गेलं, मी विचारलं नाही.

काही उत्तर आलं नाही. कविता बारावी झाली, गडचिरोलीला नर्सिंगला गेली. मीही ते पत्र पोहोचलं नसेल असं धरून चालले होते.

तिच्या नर्सिंगच्या पहिल्या वर्षी, फेब्रुवारीत एक दिवस सरिता एका पोलीस चौकीवर चालत आली. अंगात ताप, हाडांची मोळी झालेली. आत्मसमर्पण, जबाब, दवाखाना, या सगळ्यात दोन-तीन महिने गेले. पत्र मिळालं होतं का? मिळालं होतं, पण उशिरा, असं कविताने मला फोनवर सांगितलं. त्या पत्रामुळेच ती आली असं मी म्हणणार नाही. मलेरियाने माणूस काय काय ठरवतो. पण पत्र तिच्या पिशवीत होतं.

मे महिन्यात मी पेपर तपासायच्या कामाने गडचिरोलीला होते. दुपारी कविता आली आणि मला दिनेशच्या क्वार्टरवर घेऊन गेली. गस्त, सुट्ट्यांची अदलाबदल, सरिताचा दवाखाना, यामुळे ती आल्यापासून दिनेशची आणि तिची धड भेटच झाली नव्हती. आज पहिल्यांदा सगळे एकत्र जेवणार होते. आई पाड्यावरून आली होती आणि चुलीची सवय असल्याने गॅसवर करवादत होती.

सरिता खिडकीजवळ खाली बसली होती. वाटली होती त्यापेक्षा लहानखुरी. नव्या सलवार-कमीजमध्ये अवघडलेली. दिनेश आला, बूट काढले आणि तिच्यासमोर दोन हात अंतरावर बसला. दोघंही फरशीकडे बघत होते. कविता माझ्याकडे बघत होती, मी कविताकडे.

मग सरिता म्हणाली, "त्या पोळ्याच्या आधी, झडीत, पहाडावर. तू होता का?"

"होतो," दिनेश म्हणाला. "नाल्याच्या इकडून."

"मी तिकडून होती."

आईच्या हातातली पळी थांबली.

दिनेशने तोंडावरून हात फिरवला. "लय पाणी पडत होतं."

"हाव न," सरिता म्हणाली. "मले तं माह्यी बोटं बी दिसत नव्हती."

"मले बी काईच नाई दिसलं."

दोघांनी तेव्हा पहिल्यांदा एकमेकांकडे नीट बघितलं. दिनेश मान खाली घालून हसायला लागला, म्हणजे हसतोय का रडतोय ते कळत नव्हतं, आणि सरितानेही ओढणी तोंडावर धरली. आईने पळी भांड्यावर दोनदा आपटली.

"पुरे झालं आता," ती म्हणाली. "हात धुवा दोघं बी. भात थंडा होऊन राह्यला."